झडती घेण्याचा अधिकार कोणाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



‘झडती’ हा शब्द कामगार चळवळीला नवा नाही. पाळी संपवून बाहेर पडणाऱ्या कामगाराचे अंग चाचपल्याखेरीज त्याला फाटकाबाहेर सोडायचे नाही, ही कारखानदारीची जुनी रीत होय. मालाची चोरी थांबावी हा तिचा जाहीर हेतू. परंतु प्रत्येक कामगार हा चोर असू शकतो, हे गृहीत तिच्या बुडाशी असे आणि त्यातला अपमान कामगाराला कुणी समजावून सांगावा लागत नसे. तथापि त्या झडतीलाही काही मर्यादा होत्या. ती कारखान्याच्या फाटकावर होई, कामगाराच्या डोळ्यांदेखत होई, आणि झडती घेणारा पहारेकरी त्याला समोर दिसे. आज ज्या झडतीचा विचार करावयाचा आहे, ती यांपैकी एकही मर्यादा पाळत नाही. ती माणसाच्या घरात आणि कचेरीत होते, बहुधा त्याच्या नकळत होते, आणि झडती घेणारा सातासमुद्रापलीकडे बसलेला असतो. संगणकावरील सॉफ्टवेअरचा परवाना अस्सल आहे की नाही, हे तपासणाऱ्या आज्ञावलींची ही झडती आहे.

विषय काहीसा तांत्रिक असल्यामुळे प्रथम त्याची फोड करणे इष्ट ठरेल. दुकानात रोख पैसे मोजून सॉफ्टवेअर घेणाऱ्या माणसाची समजूत अशी असते की, ती वस्तू आता त्याच्या मालकीची झाली. कायद्याच्या दृष्टीने तसे घडत नाही. मालकी कंपनीकडेच राहते. ग्राहकाला मिळतो तो वापरण्याचा परवाना, आणि तोही कंपनीने एकतर्फी लिहिलेल्या अटींवर. तो करार पडद्यावर उमटतो, ‘मान्य आहे’ या शब्दांवर खूण केल्याखेरीज पुढे जाता येत नाही, आणि तो शेवटपर्यंत वाचणारा ग्राहक विरळा. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हे नाते चटकन उमगेल. कारण हे कुळाचे नाते आहे. जमीन कसायची, खंड भरायचा, परंतु हक्क मालकाचा. फरक इतकाच की, जमिनीच्या कुळाला १९४८ च्या कूळकायद्याने संरक्षण दिले आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणाऱ्याला मालक होण्याची वाट मोकळी झाली. सॉफ्टवेअरच्या कुळासाठी असा कोणताही कायदा अद्याप झालेला नाही.

परवान्याची पडताळणी करणारी आज्ञावली हा या नव्या मालकाचा कारभारी होय. ती संगणकात ठाण मांडते, परवान्याचा क्रमांक वाचते, यंत्राच्या सुट्या भागांची नोंद घेते आणि ती माहिती महाजालातून कंपनीकडे पाठवते. तिकडून ‘अस्सल’ असा निर्वाळा आला तर काम सुरळीत चालू राहते. न आल्यास पडद्यावर इशारे झळकू लागतात, काही सोयी बंद होतात, प्रसंगी कामच अडते.

कंपन्यांची बाजू येथे प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. सॉफ्टवेअरची नक्कल क्षणात होते आणि तिला खर्च जवळजवळ नाही. ते लिहिणाऱ्या हजारो तंत्रज्ञांचे श्रम मात्र खरे आहेत. श्रमाचे मोल मिळाले पाहिजे असे म्हणणाऱ्यांना हा मुद्दा झटकून टाकता येणार नाही. फुकट्या नकलांचा व्यापार करून गबर होणाऱ्या दुकानदाराची कड घेण्याचेही कारण नाही. परंतु चोरी रोखण्याचा हक्क मान्य केला म्हणजे घरोघरी झडती घेण्याचा हक्क आपोआप सिद्ध होत नाही. पोलिसालासुद्धा एखाद्याच्या घरात शिरण्यासाठी सामान्यतः न्यायाधीशाचे वॉरंट लागते. मग एका खाजगी विक्रेत्याला ते का लागू नये, हा या विषयाच्या गाभ्याचा प्रश्न आहे.

हा अधिकार कसा पायरीपायरीने घेतला गेला, याचा सर्वांत उद्बोधक इतिहास मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीच्या ‘विंडोज’ या प्रणालीत सापडतो. ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आलेल्या ‘विंडोज एक्सपी’ने घरगुती ग्राहकाला प्रथमच अट घातली की, ३० दिवसांच्या आत कंपनीशी संपर्क साधून परवाना कार्यान्वित करून घ्यावा. त्यासाठी संगणकाच्या दहा भागांवरून एक सांकेतिक ओळख तयार होई. महाजालाची सोय नसेल त्याने दूरध्वनीवरून ५० अंकी संख्या वाचून दाखवावी, आणि यंत्राचे पुरेसे भाग बदलले तर तोच सोपस्कार पुन्हा करावा. घाऊक परवाने घेणाऱ्या मोठ्या कंपन्या व संस्था मात्र त्या वेळी या अटीतून मुक्त होत्या. फाटकावरील झडतीतून साहेबाची मोटार सुटावी आणि बदली कामगाराचा डबा उघडला जावा, त्यातलाच हा प्रकार होता.

पुढची पायरी जुलै २००५ मध्ये आली. ‘विंडोज जेन्युइन ॲडव्हान्टेज’ म्हणजे ‘अस्सल विंडोजचा लाभ’ असे गोंडस नाव असलेली योजना सक्तीची झाली. कंपनीच्या संकेतस्थळावरून सुधारणा उतरवून घ्यावयाच्या तर आधी अस्सलपणा सिद्ध करणे भाग पडले; सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या अपवाद ठेवल्या गेल्या. परवान्याचा क्रमांक, यंत्राचा उत्पादक, प्रणालीची आवृत्ती, हार्ड डिस्कचा अनुक्रमांक, भाषा आणि प्रदेश अशी माहिती ही आज्ञावली गोळा करी. यातून व्यक्तीची ओळख पटत नाही, असे कंपनीचे म्हणणे होते.

खरा वाद पेटला तो २००६ मध्ये. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये या योजनेचा नवा भाग अमेरिका, ब्रिटन आदी देशांतील संगणकांवर आपोआप येणाऱ्या सुधारणांच्या मार्गाने पाठविण्यात आला. हा मार्ग ग्राहकांनी विश्वासाने उघडा ठेवलेला होता. कारण विषाणू आणि घुसखोर यांच्यापासून बचाव करणाऱ्या दुरुस्त्या त्याच मार्गाने येत. त्या विश्वासाच्या वाटेने कंपनीने आपला तपासनीस आत सोडला, त्याच्यावर ‘महत्त्वाची सुधारणा’ असा शिक्का मारला, आणि एकदा आत आल्यावर त्याला बाहेर काढण्याची साधी सोयही ठेवली नाही. जूनमध्ये उघडकीस आले की, हा तपासनीस संगणक सुरू झाल्यावर दररोज कंपनीच्या यंत्राशी संधान बांधतो. ही गोष्ट ग्राहकांना स्पष्ट शब्दांत सांगितलेली नव्हती. कंपनीने खुलासा केला की, ही चाचणीची आवृत्ती असून काही बिघाड झाल्यास ती दूरवरून बंद करता यावी एवढ्यासाठीच हा दैनंदिन संपर्क आहे. टीका वाढल्यावर आधी तो पंधरवड्यावर नेण्याचे आश्वासन मिळाले आणि महिनाअखेरच्या नव्या आवृत्तीत तो काढून टाकण्यात आला. त्याच महिन्यात सिअॅटलच्या संघीय न्यायालयात कंपनीविरुद्ध हेरगिरीच्या सॉफ्टवेअरला बंदी घालणाऱ्या कायद्याखाली दावा दाखल झाला.

त्या दाव्यातील एक मुद्दा कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. महाजालावर प्रत्येक जोडणीला एक अंकी पत्ता असतो. तो पत्ता ही व्यक्तीची ओळख पटविणारी माहिती आहे काय, असा प्रश्न निघाला. २००९ मध्ये न्यायाधीशांनी निर्णय दिला की, तो पत्ता संगणकाची ओळख पटवितो, माणसाची नव्हे. २०१० मध्ये दावा संपला. तर्क वरकरणी बिनतोड दिसतो. परंतु दारावरील पाटी घराची ओळख पटविते, माणसाची नव्हे, असे म्हणून कोणी घरोघरच्या पाट्यांची रोजची नोंद ठेवू लागला, तर त्या घरात कोण राहतो हे विचारायला फक्त शेजाऱ्यापर्यंत जावे लागते. ज्याच्या हाती दोन नोंदवह्या असतील, त्याला त्या एकमेकींशी ताडून पाहण्यास कितीसा वेळ लागणार?

येथे एक आक्षेप हमखास येतो. ज्याने चोरी केलेली नाही त्याने घाबरावे कशाला? या आक्षेपाला उत्तर २५ ऑगस्ट २००७ च्या सुमारास मिळाले. चाचणीसाठी असलेली आज्ञावली चुकून प्रत्यक्ष सेवेतील यंत्रांवर चढविली गेली, आणि सुमारे १९ तास जगभरातील प्रामाणिक ग्राहकांना ‘तुमची प्रत नकली आहे’ असा शेरा मिळत राहिला. कंपनीच्या हिशेबाने बारा हजारांहून कमी संगणकांना याचा फटका बसला. बारा हजार ही संख्या कंपनीला किरकोळ वाटेल. परंतु त्यांतील प्रत्येकाने पैसे भरले होते, प्रत्येकाजवळ परवाना होता, आणि चूक दूरच्या यंत्राची असताना काही सोयी बंद पडल्या त्या त्यांच्या. निरपराधित्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकायचा नाही, हे न्यायाचे मूलतत्त्व होय. परवाना-पडताळणीने ते उलटे केले आहे. येथे आरोप करणारा, साक्ष देणारा, निकाल लावणारा आणि शिक्षा अमलात आणणारा एकच आहे, आणि अपील करावयाचे तेही त्याच्याच दूरध्वनीवर.

ऑक्टोबर २००८ मध्ये चीनमध्ये हीच योजना लागू झाली, तेव्हा नकली ठरलेल्या संगणकाच्या पडद्याची पार्श्वभूमी दर तासाला काळी होऊ लागली. काम बंद पडत नसे. परंतु प्रचंड संताप उसळला आणि बीजिंगमधील एका वकिलाने सार्वजनिक सुरक्षा मंत्रालयाकडे तक्रार केली. नकली माल वापरणाऱ्यांना संतापण्याचा काय अधिकार, असे कोणी विचारील. त्या संतापाचा आशय वेगळा होता. माझ्या टेबलावरच्या यंत्राचा पडदा परक्या देशातील कचेरीतून काळा करता येतो, ही जाणीव लोकांना त्या दिवशी प्रथम झाली.

आता या विषयाच्या अधिक गंभीर अंगाकडे वळणे आवश्यक आहे. खाजगी मालकाने उभारलेली संशयाची व्यवस्था खाजगी राहत नाही. राज्यसत्ता ती उसनी घेते. रशियातील घटना या दृष्टीने डोळे उघडणाऱ्या आहेत. सैबेरियातील इर्कुत्स्क शहरात ‘बैकल एन्व्हायर्नमेंटल वेव्ह’ ही पर्यावरणवादी संस्था होती. बैकल सरोवराच्या काठावरील कागद कारखाना पुन्हा सुरू करण्यास पुतिन सरकारने मुभा दिली, आणि या संस्थेने त्याविरुद्ध आवाज उठविला. २८ जानेवारी २०१० रोजी पोलीस संस्थेच्या कचेरीत शिरले आणि १२ संगणक घेऊन गेले. कारण काय सांगितले? संगणकांवर मायक्रोसॉफ्टचे नकली सॉफ्टवेअर असल्याचा संशय. अशा धाडींची कल्पना असल्यामुळे सर्व सॉफ्टवेअर परवान्यासह घेण्याची दक्षता पूर्वीच बाळगली होती, असे संस्थेने सांगितले. त्याचा उपयोग झाला नाही. विरोधी सूर लावणाऱ्या संस्था व वृत्तपत्रे यांच्यावर अशाच धाडी पडत होत्या, आणि काही प्रकरणांत कंपनीचे स्थानिक वकील पोलिसांच्या बाजूने उभे राहिल्याचे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने सप्टेंबर २०१० मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर दोनच दिवसांत कंपनीने रशियातील स्वयंसेवी संस्था व स्वतंत्र वृत्तमाध्यमे यांना सरसकट विनामूल्य परवाना देण्याचे जाहीर केले.

त्याआधी पेर्म प्रांतातील सेपीच या खेड्यातील शाळेच्या मुख्याध्यापकावर शाळेतील संगणकांवरील नकली प्रतींबद्दल फौजदारी खटला भरला गेला होता. मिखाईल गोर्बाचेव्ह यांनी फेब्रुवारी २००७ मध्ये बिल गेट्स यांना जाहीर पत्र लिहून त्याच्यासाठी रदबदली केली. मुख्याध्यापकाला आधी दंड झाला आणि डिसेंबर २००८ मध्ये तो निर्दोष सुटला.

या धाडी पडताळणीच्या आज्ञावलीने घडवून आणल्या, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. पोलिसांना त्या आज्ञावलीची गरजही पडली नाही. परंतु दोन्हींच्या मुळाशी एकच गृहीत आहे: संगणक बाळगणारा प्रत्येक जण संशयित, आणि परवाना तपासण्याच्या निमित्ताने त्याचे सारे दप्तर उलथेपालथे करण्यास हरकत नाही. संस्थेच्या संगणकात केवळ सॉफ्टवेअर नव्हते. त्यात सभासदांची नावे होती, पत्रव्यवहार होता, पुढील कार्यक्रमांची टिपणे होती. परवान्याचा प्रश्न विचारीत पोलीस या सगळ्यापर्यंत पोहोचले.

भारतातील कार्यकर्त्याला ही रशियाची गोष्ट म्हणून सोडून देता येणार नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पुढे घातलेल्या कलम ६३-ब नुसार संगणकाच्या आज्ञावलीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. कामगार संघटनेची कचेरी, शेतकरी संघटनेचे कार्यालय, छोटे साप्ताहिक, ग्रामीण शाळा, या साऱ्या ठिकाणी जुने संगणक कसेबसे चालविले जातात. कुणी मित्राने कधीकाळी चढवून दिलेले सॉफ्टवेअर त्यांवर असते. ज्या दिवशी कुणाला कार्यकर्त्याच्या दप्तरात डोकावायचे असेल, त्या दिवशी हे निमित्त हाताशी तयार आहे.

शिवाय परवाना दूरवरून तपासता येतो, याचा अर्थ तो दूरवरून गोठवताही येतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये ॲडोबी कंपनीने अमेरिकन अध्यक्षांच्या निर्बंध-आदेशाचा हवाला देऊन व्हेनेझुएलातील ग्राहकांची खाती बंद करण्याचे जाहीर केले. महिनाअखेरीस अमेरिकन सरकारने अनुमती दिल्यावर तो निर्णय मागे घेण्यात आला. तेथील चित्रकारांनी व छपाईवाल्यांनी कोणता गुन्हा केला होता? जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जी या मुंबईत मुख्यालय असलेल्या तेलकंपनीवर निर्बंध घातले, आणि मायक्रोसॉफ्टने तिच्या टपाल व संपर्काच्या सेवा खंडित केल्या. परवान्यांचे पूर्ण पैसे भरले असल्याचे सांगत नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. त्यानंतर काही दिवसांतच सेवा पूर्ववत झाल्या. रशियन तेलकंपनीचा मोठा हिस्सा असलेल्या या धनाढ्य कंपनीबद्दल अश्रू ढाळण्याचे कारण नाही. परंतु निष्णात वकील उभे करण्याची जिची ऐपत आहे तिची ही गत झाली, तर तालुक्याच्या पतसंस्थेची काय होईल?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला. त्या हक्कावर मर्यादा घालायची तर कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा, आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, अशा कसोट्या त्यातून पुढे आल्या. परंतु मूलभूत हक्कांची ढाल प्रामुख्याने राज्यसंस्थेविरुद्ध चालते. खाजगी कंपनीविरुद्ध नागरिकाला स्वतंत्र कायदा लागतो. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. संमती मुक्त, स्पष्ट आणि कामापुरती असली पाहिजे, असे तो म्हणतो. त्याच कायद्याने केंद्र सरकारला आपल्या यंत्रणा अधिसूचनेने वगळण्याची मुभाही दिली आहे. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याची ही जुनीच पद्धत आहे. आणि ‘मान्य आहे’ म्हटल्याखेरीज यंत्र चालूच होणार नसेल, तर त्या संमतीला मुक्त म्हणणे म्हणजे सावकाराच्या कोऱ्या कागदावरील अंगठ्याला स्वेच्छा म्हणण्यासारखे आहे.

झडतीवाचून परवाना तपासताच येत नाही, हा दावाही खरा नाही. मराठी छापखान्यांना याचा अनुभव आहे. अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरबरोबर ‘डोंगल’ नावाचे एक छोटे कुलूप मिळत असे. ते संगणकाला जोडले की काम सुरू होई, काढले की थांबे. ते हरवले वा बिघडले तर खोळंबा होई, ही गैरसोय खरी. परंतु छापखान्यात काय जुळविले जाते, केव्हा जुळविले जाते, याची वार्ता ते कुलूप कुणालाही देत नसे. परवाना तपासणे आणि पाळत ठेवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या एकत्र आल्या त्या कंपन्यांच्या निवडीने.

म्हणून काही मागण्या निःसंदिग्धपणे मांडल्या पाहिजेत. तपासणी करणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीने कोणती माहिती, केव्हा आणि कुठे पाठविली, हे ग्राहकाच्या भाषेत सांगितले पाहिजे. परवान्याच्या सत्यतेला आवश्यक असेल तेवढीच माहिती घ्यावी आणि काम होताच ती नष्ट करावी. सुरक्षेच्या दुरुस्त्यांच्या वाटेने तपासनीस पाठविण्यास मनाई असावी. कोणाचेही काम बंद पाडण्यापूर्वी त्याला नोटीस, मुदत आणि कंपनीबाहेरच्या अधिकाऱ्यापुढे दाद मागण्याची संधी मिळावी. आणि परवान्याच्या संशयावरून संगणक जप्त करताना त्यातील इतर मजकूर उघडण्यास न्यायालयाच्या स्वतंत्र आदेशाची अट असावी.

कायदा होईपर्यंत हात बांधून बसण्याचेही कारण नाही. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी घोषित केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पापासून मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी राहिली. ते कुणीही वापरावे, तपासावे, सुधारावे आणि शेजाऱ्याला द्यावे, असा त्याचा परवानाच सांगतो. तेथे नक्कल हा गुन्हा नसून सहकार्य आहे. केरळमधील सरकारी शाळांनी ही वाट धरून लक्षावधी मुलांना त्यावर शिकविले. ती वाट निर्वेध नाही. जर्मनीतील म्युनिक शहराने ती स्वीकारून २०१७ मध्ये माघारीचा निर्णय घेतला, तर त्याच देशातील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये आपल्या कचेऱ्यांतील सुमारे ३० हजार संगणक त्या वाटेने नेण्याचे ठरविले. शिकण्याचे कष्ट पडतात, जुनी कागदपत्रे नीट उघडत नाहीत, मदतीला माणूस लागतो. सहकारी चळवळीत मुरलेल्या महाराष्ट्राला या अडचणी अपरिचित नाहीत, आणि त्यांवरचे उपायही अपरिचित नाहीत.

प्रत्येक जिल्हा कार्यालयाने आपल्या संगणकांवर काय आहे, याची यादी या महिन्यात करावी. बेकायदा प्रती काढून टाकाव्यात, मुक्त सॉफ्टवेअर चढवावे, आणि सभासदांच्या याद्या व कामगारांच्या तक्रारींची टिपणे वेगळी जपावीत. कारण ज्यांनी विश्वासाने आपले नाव संघटनेकडे दिले, त्यांच्या नावाची राखण ही संघटनेची पहिली जबाबदारी आहे. फाटकावरच्या झडतीविरुद्ध बोलण्याचे धैर्य कामगाराला आले ते एकट्याने नव्हे, संघटित झाल्यावर. पडद्याआडच्या झडतीविरुद्धही त्याच मार्गाने जावे लागेल.